मिनीॲपोलिसमधील जुन्या घरांची हवागळती तपासणी : प्रकल्प नोंदी

८ ऑक्टोबर २०२४

यंदाच्या हिवाळ्यात तपासायच्या घरांची यादी आज हाती आली. घरे सगळी दक्षिण मिनीॲपोलिसमधली, शंभरीच्या आसपासची, लाकडी सांगाड्याची, बाहेरून स्टकोचा गिलावा केलेली आणि बहुतेक दीडमजली आहेत. म्हणजे वरचा मजला पुरता नाही, छपराच्या दोन पाखांच्या मधोमध बसवलेल्या एक-दोन खोल्या आहेत. कुटुंबे मर्यादित उत्पन्नाची असून खर्च अमेरिकेच्या संघराज्य सरकारच्या वेदरायझेशन, म्हणजे घरे थंडीवाऱ्यापासून बंदिस्त करण्याच्या, योजनेतून होतो. १९७३ च्या तेलटंचाईनंतर १९७६ च्या कायद्याने ही योजना सुरू झाली. आरंभीच्या काळात दारे-खिडक्यांच्या फटी बुजवणे आणि काचांवर प्लास्टिक ताणणे एवढाच तिचा आवाका होता. मोजून काम करण्याची शिस्त पुढे आली, आणि ती शिस्त आणणारे साधन म्हणजे ब्लोअर डोअर.

साधन दिसायला साधे आहे. बाहेरच्या दाराच्या चौकटीत ॲल्युमिनियमची घडीची चौकट बसवून त्यावर जाड नायलॉनचे कापड ताणायचे, कापडाच्या खालच्या भोकात मोठा पंखा बसवायचा, आणि बाकीची दारे-खिडक्या बंद करून पंख्याने घरातली हवा बाहेर फेकायची. घरातला दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कलने कमी झाला की तो तिथे टिकवण्यासाठी दर मिनिटाला किती घनफूट हवा बाहेर फेकावी लागते, ते मॅनोमीटर हा दाबमापक दाखवतो. जेवढी हवा पंखा बाहेर फेकतो तेवढीच फटींतून आत येते, म्हणून तोच आकडा घराच्या गळतीचा. ५० पास्कल हा दाब पाण्याच्या जेमतेम ५ मिलिमीटर उंचीएवढा आहे. तरी तो वाऱ्याच्या झुळुकांना आणि तापमानातल्या फरकाला पुरून उरतो, त्यामुळे वेगवेगळ्या दिवशी घेतलेली मापे एकमेकांशी ताडून पाहता येतात.

वेगवेगळ्या आकारांच्या घरांची तुलना करायची तर हा आकडा ६० ने गुणून घराच्या घनफळाने भागतात. ५० पास्कलला घरातली सगळी हवा तासाला किती वेळा बदलते, हे त्यातून कळते. इथे नव्या घरांना ३ ची कमाल मर्यादा आहे आणि जर्मनीतून आलेल्या पॅसिव्ह हाउस मानकात ती ०.६ आहे. आमच्या यादीतली घरे यांपैकी कुठल्याही आकड्याच्या जवळ जाणार नाहीत, आणि तिथवर त्यांना नेण्याचा खटाटोपही आम्ही करत नाही.

२१ ऑक्टोबर २०२४

घर क्रमांक ३. १९२४ चे बांधकाम, तळघर, तळमजला आणि वर छपराखालची अर्ध्या मजल्याची जागा. टेपने मापे घेऊन घनफळ काढले, ते १६,५०० घनफूट भरले. घरमालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या असून एकट्याच राहतात. वरची खोली हिवाळ्यात वापरता येत नाही, तळमजल्यावर पायांना गार लागते आणि दर हिवाळ्यात वळचणीला बर्फाचा बांध तयार होऊन त्यामागचे पाणी दिवाणखान्याच्या भिंतीत उतरते, अशा त्यांच्या तीन तक्रारी होत्या. एका विक्रेत्याने त्यांना सगळ्या खिडक्या बदलण्याचे भरभक्कम अंदाजपत्रक दिले होते आणि त्यांनी ते आमच्यापुढे ठेवले.

चाचणीपूर्वीची तयारी नेहमीप्रमाणे केली. शेगडीची राख झाकली, घर तापवणारी भट्टी आणि पाणी तापवायची गॅसची टाकी बंद केली, आणि गाडीची किल्ली टाकीवर ठेवली. ही या धंद्यातली जुनी खोड आहे. किल्ली घेतल्याशिवाय घरी जाता येत नाही आणि किल्ली घ्यायला गेले की टाकी पुन्हा सुरू करायची राहत नाही. पंखा लावण्याआधी घरातला आणि बाहेरचा मूळचा दाबफरक पाहिला, तो उणे १.५ पास्कल होता. बाहेर बऱ्यापैकी गारवा होता, त्या मानाने हे ठीकच. हा मूळ फरक पुढच्या प्रत्येक मापातून वजा करावा लागतो.

५० पास्कलला ४,१३० घनफूट प्रति मिनिट, म्हणजे तासाला सुमारे १५ वेळा हवाबदल. ६० पासून २० पास्कलपर्यंत टप्प्याटप्प्याने उतरत पुन्हा मापे घेतली आणि त्यांचा आलेख काढला, तेव्हा दाबाचा घातांक, म्हणजे दाब वाढला की गळती किती झपाट्याने वाढते ते सांगणारा आकडा, ०.६४ आला. घातांक ०.५ च्या जवळ असेल तर भोके मोठी आणि सरळ असतात, १ च्या जवळ असेल तर फटी केसासारख्या बारीक आणि लांब असतात. साधारण घरांचा घातांक ०.६५ च्या आसपास असतो, तेव्हा हे घर त्या बाबतीत चारचौघांसारखेच आहे.

त्यानंतर पंखा चालू ठेवून, धुराची नळी हातात घेऊन घरभर फिरलो. बाईही बरोबर होत्या. खिडक्यांच्या चौकटीपाशी धूर हलला, थरथरला, पण फार लांब गेला नाही. वरच्या खोलीत मात्र जिथे छपराच्या उताराखाली कमी उंचीची उभी भिंत आहे, जिला इथे नी-वॉल म्हणतात, तिच्या तळाशी असलेल्या लाकडी पट्टीखालून हवेचा झोत इतक्या जोराने येत होता की धूर तिथे टिकेचना, खोलीच्या मध्यापर्यंत फेकला जात होता. बाईंनी वाकून तिथे हात धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. खिडक्यांचा विषय त्यांनी त्यानंतर स्वतःहून बाजूला ठेवला, पण तोंडी सांगून भागत नाही, आकडा हवा. म्हणून तळमजल्यावरच्या सगळ्या खिडक्यांवर आतून प्लास्टिक लावून कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि पुन्हा मोजले. ३,८४० आले. म्हणजे खिडक्यांचा वाटा २९० घनफुटांचा, एकूण गळतीच्या जेमतेम ७ टक्के.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी, कारण अहवालात तिला जागा मिळत नाही. पंख्याने केलेल्या चाचणीत घराच्या प्रत्येक फटीवर सारखाच ५० पास्कल दाब पडतो. हिवाळा असा समदर्शी नसतो. घरातली गरम हवा हलकी होऊन वर चढते, वरच्या फटींतून बाहेर पडते आणि तिची जागा घ्यायला खालच्या फटींतून थंड हवा आत येते. या ओढीचा जोर उंचीच्या दर मीटरला आणि तापमानातल्या दर अंश सेल्सिअस फरकाला सुमारे ०.०४ पास्कल असतो. सात मीटर उंच घर आणि चाळीस अंशांचा फरक धरला तर एकूण ११ पास्कल होतात, आणि ते माथ्याशी व तळाशी विभागले जातात. मधल्या उंचीवर दाब जवळपास शून्य असतो. तळमजल्याच्या खिडक्या नेमक्या या मधल्या पट्ट्यात येतात. म्हणून वाऱ्याचा अपवाद सोडला, तर चाचणीत दिसलेला त्यांचा ७ टक्क्यांचा वाटाही प्रत्यक्ष हिवाळ्यात आणखी कमी भरणार. उलट पोटमाळ्याकडे जाणाऱ्या भोकावर थंडी जितकी कडक तितका जोर जास्त. चाचणीचा एकच एक आकडा पाहून काम ठरवू नये, असे मी नव्या सहकाऱ्यांना सांगतो, त्यामागचे कारण हेच आहे.

२२ ऑक्टोबर २०२४

त्याच घरी पुन्हा. आज पोटमाळ्यांचे दाब मोजले. घर ५० पास्कलला धरून ठेवायचे आणि बारीक नळी पोटमाळ्यात सोडून घर आणि पोटमाळा यांच्यातला फरक पाहायचा. पोटमाळा खरोखर घराबाहेरचा असेल, म्हणजे दोघांमध्ये एकही भोक नसेल, तर फरक पूर्ण ५० यायला हवा. आढ्याखालच्या वरच्या पोटमाळ्यात ३८ आला आणि नी-वॉलमागच्या बाजूच्या पोटमाळ्यात फक्त २२.

३८ हा आकडा ऐकायला बरा वाटतो, पण हिशेब केला की चित्र बदलते. घर आणि पोटमाळा यांच्यात ३८, पोटमाळा आणि बाहेर यांच्यात उरलेले १२. दोन्हीकडून जाणारी हवा सारखीच, तेव्हा पोटमाळ्याची बाहेरची उघडीप घराकडच्या उघडिपीच्या दुप्पट ठरते. पोटमाळ्याला हवा खेळण्यासाठी मुद्दाम ठेवलेले झरोके आहेत, ते बरेच मोठे आहेत. त्यांच्या निम्म्या आकाराचे भोक छतात असणे म्हणजे छत जवळपास उघडेच असणे होय. नी-वॉलमागच्या जागेत तर गणित उलटेच झाले आहे : तिथे घराकडची उघडीप बाहेरच्या उघडिपीपेक्षाही मोठी आहे. कागदावर ही जागा घराबाहेर मोजली जाते, पण दाबाच्या दृष्टीने ती अर्ध्याहून अधिक घरातच आहे.

वरच्या पोटमाळ्यात शिरून पाहिले. सत्तरीच्या दशकात कधीतरी अंथरलेले पिवळे फायबरग्लास आहे, चार-साडेचार इंच. धुराड्याच्या भोवती, नळाच्या उभ्या पाइपाभोवती आणि आतल्या भिंतींच्या माथ्यावर ते काळेकुट्ट झाले आहे. ही बुरशी नव्हे. घरातून वर जाणारी हवा वर्षानुवर्षे त्यातून चहासारखी गाळली गेली आणि धुळीचा चोथा मागे राहिला. काळा डाग दिसेल तिथे गादी उचलायची, खाली भोक सापडतेच. त्यासाठी इन्फ्रारेड कॅमेराही लागत नाही. छपराच्या फळ्यांतून खाली आलेल्या खिळ्यांची टोके गंजलेली होती, कारण घरातली दमट हवा थंडीत त्यांच्यावर गोठते आणि ऊन पडले की ठिबकते.

वळचणीच्या बर्फाचे कोडेही इथेच सुटते. गरम हवा पोटमाळ्यात शिरली की छपराच्या वरच्या भागातला बर्फ खालून वितळतो, पाणी ओघळत वळचणीपाशी येते, आणि तिथे खाली गरम खोली नसल्याने पुन्हा गोठते. त्याचा बांध झाला की मागून येणारे पाणी शिंगल्सखाली घुसते. बाईंनी याआधी वळचणीला बर्फ वितळवणाऱ्या विजेच्या तारा लावून घेतल्या होत्या, त्या अजून लोंबत आहेत.

पोटमाळ्यात हवा निसटण्याच्या या प्रकाराचा शोध पन्नासेक वर्षांपूर्वीचा आहे. न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९७० च्या दशकात घरांचा उष्णतेचा ताळेबंद मांडला, तेव्हा पोटमाळ्यातून जाणारी उष्णता पुस्तकी हिशेबाच्या कितीतरी पट निघाली. गौतम दत्त यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे कारण शोधले : छतावर उष्णतारोधक थर असला तरी भिंतींच्या पोकळ्या आणि धुराड्याभोवतीची मोकळी जागा या वाटांनी हवा त्याला बगल देऊन वर जात होती. त्याच सुमारास स्वीडनमध्ये खिडकीत पंखा बसवून घरांची गळती मोजली जात होती आणि ती पद्धत तिथून प्रिन्स्टनला आली. पुढे पंखा खिडकीतून दारात आला, कारण दारांची मापे खिडक्यांइतकी वेगवेगळी नसतात. आज आम्ही वापरतो त्या पंख्यांपैकी एका प्रसिद्ध जातीचे पंखे याच शहरात तयार होतात.

२९ ऑक्टोबर २०२४

घर क्रमांक ५. अडीचमजली, यादीत सर्वांत जुने. पंखा पूर्ण उघडा ठेवून, त्याच्या तोंडावरच्या, वाट अरुंद करणाऱ्या सगळ्या कड्या काढून, पूर्ण वेगाने चालवला तरी दाब ४० पास्कलच्या वर जाईना. त्या दाबाला ५,४०० आले, ०.६५ घातांक धरून ५० पास्कलचा अंदाज काढला तो सुमारे ६,२५०. कारण उघड होते. या घराची बांधणी बलून पद्धतीची आहे, म्हणजे भिंतीतले लाकडी खांब तळघरापासून छपरापर्यंत अखंड गेले आहेत आणि दोन खांबांमधली पोकळीही तितकीच अखंड आहे. तळघरातून विजेरीचा झोत वर टाकला तर वरच्या पोटमाळ्यातल्या सहकाऱ्याला तो दिसला. भिंतींत सेल्युलोज, म्हणजे कागदाच्या तंतूंचे उष्णतारोधक, दाबून भरले की ऊब राखणे आणि गळती थांबवणे ही दोन्ही कामे साधतील, पण काही भिंतींत अजून चिनी मातीच्या गोट्यांवरची जुनी वायरिंग आहे. ती जिवंत असेल तर तिच्याभोवती काहीही भरता येत नाही. आधी इलेक्ट्रिशियन.

घर क्रमांक ७. पंखा गाडीतून उतरवलाच नाही. पोटमाळ्याचे झाकण उचलताच अभ्रकासारखे चमकणारे, गोट्यांच्या आकाराचे हलके दाणे दिसले. हे व्हर्मिक्युलाइट. मोंटाना राज्यातल्या लिबी येथील खाणीतून निघालेला असा माल देशभर घरांत भरला गेला आणि त्यात ॲस्बेस्टस हे फुफ्फुसांना घातक तंतुमय खनिज मिसळलेले होते. खाण १९९० मध्ये बंद झाली. नमुन्याचा निर्णय येईपर्यंत त्यात ॲस्बेस्टस आहे असेच धरून चालायचे असते, आणि घरातला दाब कमी करून पोटमाळ्यातली हवा खोल्यांत ओढणारी चाचणी अशा घरात करणे म्हणजे ते तंतू मुलांच्या झोपायच्या खोलीत आणून सोडणे. झाकण हळू बसवून, पुसून, घरच्यांना पोटमाळ्यात काही ठेवू-काढू नका असे सांगून परतलो.

६ नोव्हेंबर २०२४

घर क्रमांक ३, ज्वलनसुरक्षा. हे काम फटी बुजवण्याआधी व्हायला हवे आणि नंतर पुन्हा व्हायला हवे.

तळघरातली भट्टी काही वर्षांपूर्वी बदलली आहे. नवी भट्टी बाहेरची हवा नळीने आत घेते आणि धूर प्लास्टिकच्या पाइपाने भिंतीतून बाहेर सोडते, तेव्हा तिची चिंता नाही. पण पूर्वी भट्टी आणि पाण्याची टाकी या दोघींचा धूर ज्या विटांच्या धुराड्यातून जात असे, त्याला आता एकटी टाकीच उरली आहे. एवढे मोठे आणि थंड धुराडे तापवायला तिची ज्योत अपुरी पडते. अशा टाकीला या धंद्यात अनाथ टाकी म्हणतात. तिचा धूर वर जातो तो केवळ गरम हवेच्या ओढीने. घरातला दाब थोडा जरी कमी झाला तरी ती ओढ उलटते आणि ज्वलनवायू तळघरात सांडतात.

घराची सर्वांत वाईट अवस्था मुद्दाम तयार केली : बाहेरची दारे-खिडक्या बंद, कपडे वाळवायचे यंत्र चालू, स्वयंपाकघराचा आणि न्हाणीघराचा पंखा चालू. तिन्ही मिळून साधारण ३५० घनफूट प्रति मिनिट हवा बाहेर टाकतात. त्यानंतर टाकी पेटवली आणि तिच्या डोक्यावरच्या छत्रीपाशी धुराची नळी व आरसा धरला. थंड धुराड्यातून वायू सांडणे पाच मिनिटांच्या आत थांबायला हवे. ते पाचव्या मिनिटाच्या तोंडावर कसेबसे थांबले. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेत होता.

आज उत्तीर्ण म्हणता येईल, पण पुढचे गणित आजच करून ठेवले. ४,१३० ची गळती असलेल्या घरातून ३५० बाहेर काढले तर दाब सुमारे १.१ पास्कलने उतरतो. फटी बुजवून गळती २,४०० वर आणली की तेच तीन पंखे २.६ पास्कलची ओढ लावतील, आणि आजच काठावर असलेली टाकी तेव्हा निश्चित उलटेल. घराला जी गळती त्रास देते तीच या टाकीला आजवर सांभाळून घेत होती. त्यामुळे टाकी बदलल्याशिवाय पोटमाळ्याच्या कामाला हात लावायचा नाही असे कार्यादेशात लिहिले. टाकीचा खर्च ऊर्जाबचतीच्या रकान्यात बसत नाही, तो आरोग्य आणि सुरक्षेच्या रकान्यातून मागावा लागला. मंजुरीसाठी फोनवर बरेच बोलावे लागले. कार्यालयाच्या दृष्टीने आजची चाचणी उत्तीर्ण होती आणि माझ्या दृष्टीने प्रश्न आजचा नव्हताच.

१३ नोव्हेंबर २०२४

टाकी काल बसली. उष्णता पंपाची, विजेवर चालणारी. धुराड्याचे तोंड वरून आणि खालून बंद केले. आज नी-वॉलमागचे काम.

या भिंतीचे दुखणे भिंतीत नसून तिच्या पायाखाली आहे. वरच्या खोलीच्या लाकडी जमिनीखालच्या तुळया खोलीच्या हद्दीत थांबत नाहीत, त्या नी-वॉलखालून तशाच पुढे वळचणीपर्यंत जातात. प्रत्येक दोन तुळयांमधला गाळा म्हणजे वळचणीतून घराच्या मध्यापर्यंत जाणारा उघडा बोगदा. थंड हवा वरच्या खोलीच्या जमिनीखालून आणि दिवाणखान्याच्या छतावरून मोकळी फिरते. वरच्या खोलीत कितीही तापवले तरी पाय गार राहण्याचे हे कारण. मागे कुणीतरी नी-वॉलला पाठीमागून चांगली जाड गादी लावली आहे, पण खालचे बोगदे तसेच सोडले आहेत.

नी-वॉलच्या बरोबर खाली, प्रत्येक गाळ्यात, मापाने कापलेला कडक फोमचा तुकडा उभा बसवून त्याच्या चारी कडा फवाऱ्याच्या फोमने बंद केल्या. काम सोपे आहे, जागा अवघड आहे. अडीच फूट उंचीच्या जागेत कोपरावर रांगत, तोंडाला मुखवटा लावून, तुळयांवर गुडघे ठेवून जायचे. पाय घसरून दोन तुळयांच्या मध्ये पडला तर खालच्या खोलीच्या छताचे प्लास्टर जाते. जुन्या घरात तुळयांमधले अंतर सगळीकडे सारखे नसते, म्हणून तुकडे एकदम कापून ठेवता येत नाहीत, प्रत्येक गाळा वेगळा मोजावा लागतो.

मधेच पंखा लावून मोजले : ३,१९०. एका दिवसाच्या कामाने ९४० घनफूट उतरले, म्हणजे तळमजल्याच्या सगळ्या खिडक्यांच्या तिपटीहून जास्त.

१४ नोव्हेंबर २०२४

वरचा पोटमाळा. फायबरग्लास गुंडाळून बाजूला केले आणि काळ्या डागांच्या मागावर गेलो. धुराडे आणि लाकूड यांच्यात आगीच्या भीतीने दोन इंच जागा सोडलेली असते, ती सगळी बाजूंनी उघडी होती. धुराडे आता वापरात नाही, तरी तिथे फोम वापरला नाही. उद्या कुणी ते पुन्हा वापरात आणले तर फोम पेट घेईल. पत्रा कापून बसवला आणि सांधे उष्णता सोसणाऱ्या सीलंटने भरले. पाइपाभोवती, विजेच्या डब्यांभोवती आणि आतल्या भिंतींच्या माथ्यावर फोम. न्हाणीघराच्या पंख्याची नळी पोटमाळ्यातच सोडून दिलेली होती, ती छपरातून बाहेर काढली. हा प्रकार इतक्या घरांत दिसतो की आता त्याचा रागही येत नाही.

सगळे बंद झाल्यावरच सेल्युलोज फवारले, सुमारे १४ इंच. क्रम उलटा केला तर भोके कायमची गाडली जातात आणि पुढे कुणाला सापडत नाहीत.

१५ नोव्हेंबर २०२४

तळघराच्या भिंतीवर जिथे लाकडी सांगाडा टेकतो ती कड सकाळी बुजवली. खालच्या या फटी वरच्यांच्या जोडीदार आहेत; माथ्यातून हवा जाते तेव्हा ती इथून आत येते.

अखेरचे माप २,३९०, म्हणजे तासाला ८.७ वेळा. वरच्या पोटमाळ्याचा दाब ३८ वरून ४८ झाला, म्हणजे बाहेरची उघडीप आता घराकडच्या उघडिपीच्या जवळपास आठपट आहे. नी-वॉलमागचा २२ वरून ४४ झाला. तो अजून ५० नाही. उतरत्या छताच्या पोकळीतून कुठेतरी वाट राहिली आहे, पण तिथे पोचायला आतले प्लास्टर फोडावे लागेल आणि त्या खर्चाच्या मानाने हाती फारसे लागणार नाही.

पुन्हा सर्वांत वाईट अवस्था उभी करून दाब पाहिला. तिन्ही पंख्यांनी २.५ पास्कल उतार आला, हिशेबाच्या अगदी जवळ. जुनी टाकी असती तर आज तळघरात धूर असता.

ताज्या हवेची सोयही आता मुद्दाम करावी लागते. घरांच्या वायुविजनाच्या ६२.२ क्रमांकाच्या मानकाच्या सूत्राप्रमाणे घराच्या चौरसफुटांना ०.०३ ने गुणायचे आणि झोपायच्या खोल्यांच्या संख्येत एक मिळवून त्याची साडेसातपट त्यात घालायची. २,१७८ चौरसफूट आणि तीन खोल्या धरून ९५ घनफूट प्रति मिनिट आले. उरलेल्या गळतीची सूट वजा केल्यावर न्हाणीघरात मंद वेगाने सतत चालणारा पंखा पुरेसा ठरतो, तो बसवला. एवढा खर्च करून फटी बुजवल्या आणि आता पंखा लावून हवा बाहेर का टाकता, असे बाईंनी विचारले. प्रश्न रास्त आहे. फटींतून येणारी हवा कडाक्याच्या थंडीत नको तितकी येते आणि वसंतात, दोन्हीकडचे तापमान सारखे असते तेव्हा, हवी असूनही येत नाही. पंखा मात्र बारा महिने सारखीच हवा काढतो, असे त्यांना सांगितले. त्यांना ते पटले, पण पंख्याचे बटण कुठे आहे हेही त्यांनी विचारून घेतले.

३ डिसेंबर २०२४

यादीबाहेरचे काम. उपनगरातले नवे जोडघर, इथे मालक मराठी कुटुंब. माप तासाला २.६ वेळा, नियमात बसणारे. त्यांची तक्रार गळतीची नव्हती : फोडणीचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत घरात राहतो आणि काकूंना खोकला सुटतो. ओट्यावरचा पंखा पाहिला. तो हवा जाळीतून फिरवून पुन्हा स्वयंपाकघरातच सोडणारा आहे, बाहेर नळीच नाही. गळक्या जुन्या घरात हे खपून जाते, इतक्या घट्ट घरात खपत नाही. बाहेर सोडणारी नळी घालायला सांगितले, आणि तोवर हिरव्या मिरचीचा ठेचा भाजताना उष्णता परत मिळवणारे वायुविजन यंत्र वरच्या वेगावर ठेवायला.

२१ जानेवारी २०२५

पारा उणे वीसच्या खाली. अशा दिवशी इन्फ्रारेड कॅमेरा सर्वांत खरे बोलतो, म्हणून घर क्रमांक ३ ला गेलो. पंखा न लावताच वरच्या खोलीची जमीन पाहिली. नी-वॉलच्या कडेने ऑक्टोबरमध्ये दिसणारे जांभळे फराटे आता नाहीत. उत्तरेकडच्या कोपऱ्यात एक हातभर पट्टा उरला आहे, तो बहुधा ४४ आणि ५० मधल्या त्या सहा पास्कलांचा. पोटमाळ्यात डोकावलो. खिळ्यांच्या टोकांवर दव गोठलेले नव्हते. छपरावर बर्फ फारसा नाही, त्यामुळे वळचणीची खरी परीक्षा व्हायची आहे. तिचा निर्णय मोठ्या हिमवर्षावानंतरच लिहिता येईल.

बाईंनी गॅसची बिले दाखवली. आकडे कमी आहेत, पण त्यांवरून आताच काही म्हणता येणार नाही. एका हिवाळ्याची थंडी दुसऱ्यासारखी नसते, आणि शिवाय पाण्याची टाकी गॅसवरून विजेवर गेली आहे, तेव्हा तिचा गॅस जुन्या बिलांतून वजा करायला हवा. उन्हाळ्याची बिले त्यासाठी उपयोगी पडतील, कारण तेव्हा भट्टी बंद असते आणि जो गॅस जळतो तो बहुतेक टाकीचाच असतो. मे महिन्यापर्यंतची बिले आणि हवामान खात्याचे तापमान-दिवस, म्हणजे रोजच्या थंडीच्या अंशांची बेरीज, जुळवून हिशेब मांडायचा आहे.

घर क्रमांक ७ च्या नमुन्याचा अहवाल आज आला : ॲस्बेस्टस आहे. घर तूर्त यादीतून बाजूला ठेवले आणि ॲस्बेस्टस काढून टाकण्याच्या वेगळ्या निधीसाठी अर्ज भरून दिला. घर क्रमांक ५ ची वायरिंग पुढच्या आठवड्यात बदलायला घेतील. भिंती भरण्याआधी पंखा पुन्हा लावून नवे मूळ माप घ्यायचे आहे, कारण वायर ओढताना पाडलेली भोके आता त्यात धरावी लागतील.